अल ऐनची गोलकीपर

(दुबईच्या करामा भागातलं एक हॉटेल. वरच्या हॉलमध्ये अर्ध्या तासात महिला हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनिहाय खेळाडूंची निवड, सुरू होणार आहे. खाली कोपऱ्यातल्या टेबलावर अल ऐन टीमची मॅनेजर अनुराधा आणि कोच बदरुद्दीन बसले आहेत. अनुराधानं आज या माणसाचं एकदाचं ऐकायचं ठरवलं आहे, आणि नेमका तोच उलटा बोलतो आहे.)

अनुराधा : थांबा, थांबा. बदरुभाई, हे तुम्ही म्हणताय? दुबईच्या सृष्टीला घ्या म्हणून?

बदरुद्दीन : हां, मीच. गेल्या सीझनला शेवटी आलो म्हणून पहिलं नाव आपण घ्यायचंय. मग चांगल्यातली चांगली पोरगी उचला. यात काय चुकलं?

अनुराधा : चुकलं काहीच नाही. पण तीन वर्षं माझं डोकं खाल्लंत त्याचं काय? "ताई, आपली टीम छोटी, आपण जवळचीच घ्यायची. दुबईची पोरगी फोटोपुरती येते." कोण म्हणायचं हे?

बदरुद्दीन : माणूस बदलतो.

अनुराधा : कधी बदललात? अल ऐनहून निघाल्यापासून गाडीत शब्द नाही तुमचा. मला वाटलं, तब्येत बरी नाही.

बदरुद्दीन : चहा प्या. थंड होतोय.

अनुराधा : नबिला आठवते? तीही स्टेट खेळलेली, तीही दुबईची. माझ्या हट्टानं घेतली. तुम्ही नको नको म्हणत होतात. किती प्रॅक्टिसला आली?

बदरुद्दीन : एकदा आली होती की. जर्सी घ्यायला.

अनुराधा : आणि शेवटच्या मॅचला आपण अकराऐवजी नऊ जणी! मी, बेचाळीस वर्षांची बाई, डिफेन्सपासून समोरच्या गोलापर्यंत एकटी पळतेय. पुढचा आठवडाभर हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये लंगडत फिरले. डॉक्टर लोक हसत होते. म्हणून या वर्षी म्हटलं, बदरुभाईंचं ऐकायचं. तर तुम्हीच पलटी मारताय.

बदरुद्दीन : जवळची घ्यायची तर यादीत अल ऐनची आहे कोण? एक ती डेंटिस्ट, तिला चष्म्याशिवाय बॉल दिसत नाही. एक पीटी टीचर, तिची डिलिव्हरी डिसेंबरात. खलास.

अनुराधा : आणि तिसरी?

बदरुद्दीन : तिसरी कोण?

अनुराधा : बदरुभाई.

बदरुद्दीन : या चहात साखर कमी आहे.

अनुराधा : तिसरी गोलकीपर आहे. गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली, लीगच्या नियमात बसली. सुमैय्या नाव. तुमच्याच घरात राहते, पाहिली असेल तुम्ही.

बदरुद्दीन : ती नको.

अनुराधा : का?

बदरुद्दीन : का म्हणजे? वर हॉलमध्ये अख्खी लीग बसलीय. पहिली निवड कोण, तर कोचची पोरगी! लोक म्हणतील, अच्छा, म्हातारा तीन वर्षं जवळची जवळची करत होता ते यासाठी! मी मनापासून बोललो होतो, ताई. सगळ्यावर पाणी पडेल.

अनुराधा : लोकांना सांगू, आमची गोलकीपर नर्स आयर्लंडला गेली, आम्हाला गोलकीपर हवीच होती.

बदरुद्दीन : मग शेवटच्या फेरीत घ्या. गुपचूप. कुणाचं लक्ष नसतं तेव्हा.

अनुराधा : तोवर राहील ती? शारजावाल्यांकडेपण गोलकीपर नाही, हे तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्याच नावाला उचलतील. मग आठवड्यातून तीनदा तिला शारजाला नेणार?

बदरुद्दीन : कसा नेणार? सनय्यातलं, त्या इंडस्ट्रियल एरियातलं माझं दुकान कोण बघणार? आपल्या प्रॅक्टिसला दोन तास बंद ठेवतो तेच जड जातं. आणि त्या ट्रकवाल्या रस्त्यावर एकटीला मी सोडणार नाही.

अनुराधा : म्हणजे तिचं हॉकी बंद.

बदरुद्दीन : युनिव्हर्सिटीत ॲडमिशन झालीय. शिकेल.

अनुराधा : शिकेलच. पण पंधरा वर्षांची असल्यापासून ती आपल्या प्रत्येक प्रॅक्टिसला गोलात उभी राहते. मॅचला मात्र वय नाही म्हणून बाहेर, बाटल्या भरत. आता वय झालं तर अब्बा आडवे आले. सायराभाभींना माहीत आहे हे?

बदरुद्दीन : तिनंच सकाळी सांगितलं, पोरीचं नाव न घेता घरी आलात तर जेवण बाहेर करा.

अनुराधा : बघा! आणि तुम्ही जवळची जवळची म्हणता, पण इथली आहे कोण? मी आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आले. तुम्ही दापोलीचे. आपल्यात अल ऐनमध्ये जन्मलेली तीच एक.

बदरुद्दीन : तिला कुणी गाव विचारलं तर अल ऐन म्हणते. मी ओरडतो, दापोली सांग म्हणून. ऐकत नाही.

अनुराधा : मग? याहून जवळची कुठून आणू?

बदरुद्दीन : ताई, खरं सांगू? लोकांचं एक सोडा. मला भीती वाटते. फॉरवर्ड चुकली तर पाच मिनिटांत लोक विसरतात. गोलकीपर चुकली की सगळं मैदान तिच्याकडे बघतं. आणि लाइनवर मी उभा. मी तिला ओरडू, का पाणी देऊ?

अनुराधा : बाकीच्यांना काय करता?

बदरुद्दीन : आधी ओरडतो. मग पाणी देतो.

अनुराधा : तेच करा. चला वर, बोलावतायत.

बदरुद्दीन : तुम्ही जा. मी नाही येत. आणि सृष्टीचंच नाव घ्या, वल्ला, शपथ, माझं ऐका.

अनुराधा : तीन वर्षं नाही ऐकलं, आता काय ऐकायचं? चहा मागवा अजून एक. साखर जास्त सांगा.

* * *

बदरुद्दीन : झालं? एवढा वेळ? सृष्टी मिळाली ना?

अनुराधा : सृष्टीला शारजानं घेतलं.

बदरुद्दीन : या अल्ला. ताई, तुम्ही...

अनुराधा : हो. पहिलंच नाव. सुमैय्या.

बदरुद्दीन : कोण काय बोललं?

अनुराधा : तो सेक्रेटरी, नीरव, हसला. म्हणाला, कोचची मुलगी, वा! मी म्हटलं, कोच नको म्हणत होता. त्याचं न ऐकता घेतलीय, म्हणून तर तो खाली रुसून बसलाय. मग सगळेच हसले.

बदरुद्दीन : मी कोचिंग सोडतो.

अनुराधा : सोडा. मग संध्याकाळी जाणार कुठे? आणि ऐका, जिन्यात सृष्टी भेटली. म्हणाली, थँक यू ताई, प्रॅक्टिसला मी अल ऐनला आलेच नसते. घ्या, फोन लावलाय. बोला.

सुमैय्या : हॅलो, ताई? प्लीज टेल मी. कोणी घेतलं?

बदरुद्दीन : मी बोलतोय, बाय माझी. अल ऐननं घेतलं. पहिलं नाव तुझं.

सुमैय्या : फर्स्ट पिक? अब्बा! सीरियसली? यू सेड यस?

बदरुद्दीन : मी नो म्हटलं होतं. ताईंनी ऐकलं नाही. उद्या सहाला प्रॅक्टिस, उशीर केलास तर सगळ्यांसारखे दोन राउंड. आणि ऐक. मैदानावर अब्बा म्हणायचं नाही. बाकीच्या पोरी म्हणतात तेच म्हणायचं.

सुमैय्या : चाचा?

बदरुद्दीन : हां.

सुमैय्या : ओके, चाचा.

बदरुद्दीन : ताई, धरा जरा फोन. आलोच मी.

सुमैय्या : हॅलो? ताई? व्हॉट हॅपन्ड? अब्बा रडतायत का?

अनुराधा : कोच तोंड धुवायला गेलेत. अब्बांचं मला माहीत नाही.