रावसाहेब आणि सासूचं वळण

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनीही बसा. पटांगण भरलंय, शाळेच्या भिंतीवर माणसं बसलीत. सोनईची आहेत, घोडेगावची आहेत, नगरच्या बाजारातले हमाल आलेत. आणि लाइनीवरचे ड्रायव्हर तर इतके जमलेत की आज औरंगाबाद रस्ता मोकळा पडला असेल. रावसाहेब असते तर पहिलं हेच विचारलं असतं, "गाड्या बाजूला लावल्या का न्हाई नीट?"

मी इब्राहिम, भिंगारचा. मीही ड्रायव्हरच. सरपंच बोलले, गुरुजी बोलले, छान बोलले. मला तसं जमायचं नाही. मी नकोच म्हणत होतो. पण गयावहिनींनी, रावसाहेबांच्या मालकिणीनं, घरातून निरोप धाडला. "रडायला बाकीचे हायेत. इब्राहिमभाऊंना म्हणावं, तुमी वळनाचं सांगा." आता वहिनींचं कुणी मोडायचं? म्हणून उभा राहिलोय. वळणाचं सांगतो.

पांढऱ्या पुलावरनं नगरकडं निघालं की इमामपूरचा घाट लागतो. तुम्ही सगळे तो चढलात. कुणी एसटीतनं, कुणी मालाच्या गाडीत पोत्यांवर बसून. त्या चढाला एक डावं वळण आहे. सरकारी नकाशात त्याला नाव नसेल. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला सासूचं वळण म्हणतो, कारण कितीही जपून वागा, ते खोट काढणारच. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. आणि डोंगराकडच्या अंगाला रस्ता इतका खडा, की भरलेली गाडी तिकडं शिरली की इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं. गाडी मागं सरकायला लागते. मग क्लीनरनं लाकडी ठोकळा घेऊन पळायचं आणि मागच्या चाकाखाली घालायचा. तो घातला नाही तर काय होतं, ते दरीत पडलेले गाड्यांचे सांगाडे सांगतात.

आणि ठोकळा लागला की लाइनीचा एक नियम आहे. त्या ड्रायव्हरनं वर जेऊरला पोचल्यावर हॉटेलात असतील तेवढ्या सगळ्यांना चहा पाजायचा, आणि लोक बोलतील ते मान खाली घालून ऐकायचं. इथं बसलेल्या किती जणांचा चहा मी प्यालोय, ते आज सांगत नाही. माझाही पुष्कळांनी प्यालाय.

रावसाहेबांचा चहा कुणी प्यालाय? हात वर करा. बघा. एकही हात नाही.

का नाही? नवा ड्रायव्हर काय करतो? दरी दिसली की भितो आणि डोंगराला चिकटतो. डोंगर आधाराचा वाटतो ना. तिथंच फसतो. रावसाहेब बरोबर उलटं करायचे. लांबूनच हॉर्न द्यायचे, वरच्याला कळेल असा. गिअर वळणाच्या आधीच खाली पाडायचे. मग गाडी न्यायची उजवीकडं, दरीच्या अंगाला, पार कडेला. शेजारी बसलेल्याला खाली झाडांचे शेंडे दिसायला लागायचे. तो मनातल्या मनात बायकापोरांचा निरोप घ्यायला लागला की मग हे सावकाश चाक डावीकडं घ्यायचे. गाडीचं तोंड फिरायचं. मागची चाकं गुमान पाठोपाठ यायची. इंजिनाचा सूर एकदासुद्धा खाली जायचा नाही. आणि वळण संपलं की समोर एकदम आभाळ.

त्या वेळी रावसाहेब हसायचे. मोठ्यानं नाही. चोरून गूळ खाल्लेलं पोर हसतं तसं, गालातल्या गालात. इतकी वर्षं, रोजचा रस्ता, रोजचं वळण, आणि रोज तेच हसू. मी एकदा विचारलं, "रावसाहेब, रोज काय हसता?" तर म्हणाले, "इब्राहिम, गाडी आदी बुडाला कळती, मग हाताला कळती. डोक्याला कळंस्तोवर वळन संपल्यालं असतं. मग हसू येनार न्हाई तर काय."

सोनईहून राहुरीवरनं नगरला जायला सपाट रस्ता आहे. कुणी म्हणालं, कशाला घाटाच्या वाटेला जाता? त्यांचं उत्तर ठरलेलं. "सपाटीलाच चालवायचं तर बैलगाडी काय वाईट हाय?"

असा हा माणूस. आणि मंडळी, ह्याच माणसाच्या हातातनं गाडी सुटायची वेळ आली.

दुष्काळाच्या साली धान्याची पोती उतरवताना थप्पी कोसळली आणि रावसाहेबांचा डावा गुडघा खाली सापडला. दवाखान्यात प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं, पण गुडघा धड वाकेना. आता डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. क्लच दाबता येत नाही तो ड्रायव्हर कसला? घरात बसून होते. गयावहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या आणि हे ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत होते. कुणी गिअर चुकवला की तिथनंच शिव्या द्यायचे. पुढं गुडघा थोडा वाकायला लागला, क्लच दबायला लागला, पण पाय चटकन उचलेना.

गाडीचे मालक बन्सीशेठ इथं पुढंच बसलेत. त्यांच्यासमोरच बोलतो. शेठचं काही चुकलं नव्हतं. गाडी त्यांची, माल लोकांचा. ते म्हणाले, "रावसाहेब, भरलेली गाडी ठोकळ्याशिवाय सासूच्या वळणावरून वर न्या. नेलीत तर गाडी तुमच्याकडंच. नाही जमलं तर इब्राहिमला देतो." म्हणजे मला. मी तेव्हा बिनगाडीचा होतो, घरी खाणारी तोंडं होती. मला ती गाडी पाहिजे होती. आणि रावसाहेब हरावेत असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदमच वाटत होतं. वरून शेठ म्हणाले, "साक्षीला तूच शेजारी बस." काय करता?

गाडीत दुष्काळी कामाची खडी भरली, काठोकाठ. आता ठोकळा कुणाच्या हातात द्यायचा? चार क्लीनर पुढं झाले. तेवढ्यात गयावहिनी पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "हिकडं द्या."

रावसाहेब म्हणाले, "गया, हे बायामानसाचं काम न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "खडीची घमेली उचलायची बायामानसानं, अन् एक ठोकळा उचलायचा न्हाई व्हय? लावायची येळ आलीच तर मी लावीन. घरातली गोष्ट घरातच ऱ्हाईल."

रावसाहेबांनी ठोकळा उचलून वहिनींच्या हातात ठेवला.

निघालो. वहिनी मागं खडीवर बसलेल्या. पाय चटकन उचलत नाही म्हणून रावसाहेबांनी गिअर नेहमीपेक्षा खूपच अलीकडं पाडला. गाडी आपली मुंगीच्या पावलानं चढतेय. वळणाच्या तोंडाशी वहिनी उतरल्या आणि ठोकळा घेऊन चाकामागं चालायला लागल्या. रावसाहेबांनी हॉर्न दिला. गाडी उजवीकडं काढली. कडेला आली. मला शेंडे दिसले. चाक डावीकडं घेणार, तेवढ्यात वळणावरनं गुरं आली.

छावणीला चाललेला कळप. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायदा आपण सगळे पाळतो. गुरांना कोण सांगणार? गाडी थांबवावी लागली. कुठं? सासूच्या वळणावर, दरीच्या कडेला, तोंड अर्धवट फिरलेलं, पाठीवर खडी. तुमच्यातला कुठलाही ड्रायव्हर तिथं ठोकळा मागेल. मी मागितला असता. चहा काय, सगळ्यांना जेवण घातलं असतं.

माझा हात आपोआप हँडब्रेककडं गेला. रावसाहेबांनी त्याच्यावर चापट मारली. "हात आवर. गाडी आजून माझी हाय."

मागनं वहिनींचा आवाज आला, "लावू का?"

हे म्हणाले, "लावू नको."

वहिनी म्हणाल्या, "न्हाई लावत. पन तुमी मागं यायचं न्हाई. मी हितंच उभी हाय."

ऐकलंत? चाकाच्या मागं उभी आहे ती बाई. गाडी वीतभर मागं आली असती तरी... मी आरशात बघितलं. ठोकळा चाकापासून चार बोटं लांब धरून त्या वाकून उभ्या होत्या. नजर चाकावरनं हलत नव्हती. रावसाहेबांनीही बघितलं. मग पुढं बघितलं. गुरं निघून गेली. शेवटचा एक म्हातारा बैल आमच्याकडं बघत उभा राहिला, त्याला गुराख्यानं हाकललं. रस्ता मोकळा झाला.

आता नीट ऐका, ड्रायव्हर मंडळी. उजव्या पायाची टाच ब्रेकवर, चवडा ॲक्सिलेटरवर. इंजिनाचा आवाज चढवला. आणि क्लच सोडायला लागले. चांगल्या पायाचा माणूस अशा वेळी घाई करतो. जीव घाबरलेला असतो, पाय पटकन उचलला जातो, गाडी गचका खाते आणि बंद पडते. रावसाहेबांचा पाय पटकन उचलतच नव्हता. ज्या पायानं त्यांना घरी बसवलं, तो अवघडलेला पाय हळूहळू, केसभर केसभर वर आला. दात आवळले होते, कपाळावर घाम होता. आणि क्लच असा सुटला, असा लोण्यासारखा सुटला, की गाडी मागं तसूभरही आली नाही. जागच्या जागी थरथरली आणि पुढं निघाली. चाक डावीकडं. तोंड फिरलं. मागची चाकं आली. समोर आभाळ.

आणि रावसाहेब हसले. गालातल्या गालात नाही. त्या दिवशी मोठ्यानं हसले. मीही हसलो. माझी गाडी गेली होती, आणि मी खुळ्यासारखा हसत होतो. इतका आनंद मला स्वतःची गाडी मिळाल्यावरही झाला नसता. आज तुमच्यासमोर सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ लग्नं बघितली, पुष्कळ कुस्त्या बघितल्या, पण तसं जिंकणं बघितलं नाही.

शेठ आधीच वर जाऊन धोंड्यावर वाट बघत बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "चला जेऊरला, सगळ्यांना चहा माझ्याकडून." ठोकळा लागला नसताना चहा पाजणारे लाइनीवरचे ते पहिलेच. शेठ, हसू नका, खरं आहे.

पण चहाला जाणं झालं नाही. वहिनी चढून वर आल्या, ठोकळा गाडीत टाकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला काय दिसलं? नुसतं चाक. लगीन झाल्यापून ऐकतीया, वळन आन् वळन. मला आतनं बघायचंय. फिरवा गाडी."

भरलेली गाडी. जिंकलेली पैज. आणि ही बाई म्हणते, परत खाली चला. शेठ कपाळाला हात लावून बसले. रावसाहेबांनी गाडी फिरवली. खाली नेली. मला उठवून मागं खडीवर बसवलं आणि वहिनींना शेजारी घेतलं. पुन्हा हॉर्न. पुन्हा दरीची कड. पुन्हा चाक डावीकडं. खडीवर बसून मला आतलं काही दिसत नव्हतं. पण वळण सुटलं तेव्हा आतनं हसणं ऐकू आलं. दोघांचं.

त्यानंतर रावसाहेबांनी तीच गाडी चालवली. त्याच घाटानं, त्याच वळणावरनं, त्याच पायानं. मला पुढं दुसऱ्या मालकाकडं काम मिळालं, तेही रावसाहेबांनीच शब्द टाकला म्हणून. आम्ही घाटात समोरासमोर आलो की मी उतरतीला थांबायचो, ते वर चढून जायचे. जाताना बघायचेही नाहीत. वळणात असताना ते कुणाकडं बघत नव्हते.

आणि परवा ते गेले. काविळीनं गेले. घरात, अंथरुणावर, माणसांत. ज्या दरीला आपण सगळे भितो, तिला ते काही सापडले नाहीत. त्या वळणाशी त्यांचा हिशेब एकतर्फी राहिला, आणि तो रावसाहेबांच्या बाजूनं आहे. म्हणून मला आज वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण मान खाली घालावीशी वाटत नाही. तुम्हीही घालू नका.

काल शेठ माझ्या घरी आले आणि किल्ली पुढं केली. म्हणाले, "इब्राहिम, आता तूच." एके काळी ह्या किल्लीसाठी मी झुरत होतो. काल हात पुढं होईना. मी वहिनींकडं आलो आणि विचारलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "घ्या भाऊ. गाडी उभी ऱ्हायली तर त्यांचा जीव हितंच घोटाळंल."

घेतली. बाहेर रस्त्यावर उभी आहे, येताना बघितली असेल तुम्ही. सकाळीच माल भरलाय. इथून उठलो की मी घाट चढणार, रावसाहेबांच्या जागेवर बसून. हा माणूस रोज कशाला हसत होता, ते त्यांच्याच गाडीत बसून आज मला कळणार आहे.

रावसाहेब, इब्राहिमचा तुम्हाला सलाम. वळण तुमचं आहे. मी फक्त त्यावरून जाणार आहे.

मंडळी, आता उठा. टोप्या, फेटे असू द्या डोक्यावर, पण बोलू नका. रावसाहेबांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मग मला निघू द्या. गाडी भरलेली आहे.