चालींची बेगमी

मंडळी, देवाला शिळं फूल चालतं का? — नाही म्हणताय. सगळ्यांच्या माना हलल्या. शिळा नैवेद्य? तोही नाही. मग शिळी भक्ती तो कशी चालवून घेतो, हे कधी विचारलंत? बघा, आता एकही मान हलत नाही! तर प्रश्न असा, की मनातून उगवणारी गोष्ट तांदळासारखी भरून ठेवता येते का? उत्तर मी नाही देत. नेरवणचा भिवाजी सनईवाला देईल. ऐका.

नेरवण हे कोकणातलं, डोंगरउतारावरचं गाव. देव काळेश्वर. देवळाच्या दारावर, माडीवर नगारखाना, आणि तिथं सनई वाजवायचा मान भिवाजीच्या घराण्याचा. पण रीत मोठी चमत्कारिक! कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेला, दीपमाळ पेटली की सनईवाल्यानं एक नवी चाल वाजवायची — कुणी कधी न ऐकलेली. चाल गावाच्या मनाला आली, तर देवापुढचा नारळ त्याचा आणि वर्षाचा मानही त्याचा. नाही आली, तर दोन्ही शेजारगावच्या सनईवाल्याकडे.

आता ही चाल भिवाजी करायचा कशी? चातुर्मासात लग्नं नाहीत, सनई मोकळी. लावणी आटोपली की हा शेतातल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत जाऊन बसायचा. समोर भात, बाजूला वाहता व्हाळ, म्हणजे ओढा. श्रावणात नुसता ऐकायचा. भादव्यात एखादी ओळ सुचायची. भात पोटरीला आलं की चालही पोटरीला! आश्विनात दोन्ही पिकायची. कार्तिकात भात खळ्यावर, चाल देवळात.

माणूस कलावंत, पण हिशेबी. एका वैशाखात ओसरीवर बसला होता, आणि समोर बायको, येसूबाई, पावसाळ्याची बेगमी करत होती. आंब्याची साठं, आमसुलं, पापड, सुके बांगडे — बांगड्याचं नाव निघताच मागच्या रांगेत कोण खुललं ते मला दिसलं, असो. तर भिवाजीच्या डोक्यात उजेड पडला! ही बाई आठ दिवसांत वर्षाचं करून ठेवते, आणि मी एका चालीसाठी चार महिने चिखलात बसतो?

बसला की तिथंच. आठ दिवसांत सात चाली! विसरू नयेत म्हणून एका सुतळीला सात गाठी मारल्या आणि सुतळी खुंटीला टांगली. सात वर्षांची निश्चिंती! श्रावणात येसूबाईनं विचारलं, यंदा मांगरात जायचं नाही का. हा पांघरुणातूनच म्हणाला, जरूर काय. मंडळी, चार महिने पाऊस कौलांवर नवनवं वाजवत होता, आणि हा घोरत होता — तेही बेसूर.

आली त्रिपुरी. सांज झाली, थंडी पडली, लोक कांबळी पांघरून जमले. दीपमाळ पेटली. भिवाजीनं पहिली गाठ सोडली, सनई तोंडाला लावली. सुरात चूक? मुळीच नाही. चाल नवी? अगदी नवी. पण गंमत बघा — आधी पुजाऱ्यानं उपरण्यानं वारा घेतला. मग एका आजोबांनी कानटोपी काढली. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, पाण्याचा तांब्या कुठाय. कार्तिकातल्या थंडीत अख्खं गाव घामेजलं!

देवळाचा कारभार दाजी मानकऱ्यांकडे. बोलणं मोजकं. ते जिना चढून वर आले.

"भिवाजी, चाल नवी खरी. पण ही वैशाखातली आहे. घसा सुकला रे लोकांचा."

पालखी देवळाला तीन प्रदक्षिणा घालते, तेवढी मुदत त्यांनी दिली. तोवर दुसरी चाल ऐकव, नाहीतर नारळ शेजारगावी.

भिवाजी मनात हसला. सहा गाठी शिल्लक होत्या ना! दुसरी सोडली — लोकांनी कांबळी उतरवली. तिसरी सोडली — कुणीतरी पन्ह्याची चौकशी केली. चौथी, पाचवी... सगळ्या एकाच आठवड्याच्या उन्हातल्या, दुसरं काय निघणार? दुसरी प्रदक्षिणा संपता संपता सात वर्षांचा साठा खलास. हातात नुसती सरळ सुतळी!

जिन्याखाली येसूबाई उभी. तिला हा रडवेला होऊन म्हणाला, तुझे पापड वर्ष वर्ष टिकतात, मग माझंच का नासलं?

"अवो, पापडातलं पाणी जातं, म्हणून टिकतो," ती म्हणाली. "पण वाढायच्या वेळी तळावा लागतो. तुम्ही पाणी घालवलंत, नि देवाला तसाच कच्चा वाढलात."

तिसरी प्रदक्षिणा सुरू झाली. सनईची पत्ती दवानं ओली. फुंकली तर नुसती फुसफुस. हा पत्ती मुठीत धरून तिला ऊब देत बसला. आणि वाजवताच येत नाही म्हटल्यावर सनईवाला काय करणार? ऐकणार! खळ्यावरून ताज्या पेंढ्याचा वास आला. कौलांवरून दवाचा थेंब — टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. चार महिने झोपला होता खरा, पण कान काही झोपत नाहीत. आत साठलेला पाऊस हलला. भिवाजीनं सनई उचलली. चार-पाच सुरांची एक ओळ. थांबला. तीच ओळ, जरा खाली उतरून. पुढे? पुढे ठावठिकाणा नाही! पण खाली आजोबांनी टोपी कानांवर ओढली. बायका एकमेकींजवळ सरकल्या. पालखीचे भोई दाराशी थबकले, ते ओळ विरेपर्यंत हलले नाहीत.

दाजी पुन्हा वर आले.

"अर्धीच आहे," म्हणाले. "पण आजची आहे."

त्यांनी नारळ फोडला. एक वाटी भिवाजीच्या ओंजळीत दिली, एक देवापुढे ठेवली. मान राहिला. आणि येत्या श्रावणात मांगरात कोण बसलंय हे बघायला दाजी स्वतः इरलं घेऊन येणार, हेही ठरलं.

हसलात भिवाजीला? हसा. आता जरा तुमच्याकडे वळतो. एकादशीला एका बैठकीत दहा हजार जप उरकून 'वर्षाचं झालं' म्हणणारे इथं किती? दिवाळीत आईला एक लुगडं दिलं की बारा महिन्यांची माया पोचली, असं धरून चालणारे? आणि निवृत्तीनंतर देवाचं करू म्हणणारे एक गृहस्थ तिसऱ्या खांबाला टेकून बसलेत, नाव घेत नाही. अहो, श्रावणातलं मन श्रावणात, पौषातलं पौषात! रडू येतंय तर रडतं नाम घ्या, कंटाळा आलाय तर कंटाळलेलं घ्या. देव अर्धंही पदरात घेतो.

काकू, त्या लाख वाती क्षणभर खाली ठेवा. हात मोकळे करा. दाराबाहेर गारठा आहे, माझा आवाज बसलाय, तुमच्या डोळ्यांवर झोप आहे — या सगळ्यासकट, जसं येईल तसं, म्हणा माझ्याबरोबर: विठ्ठल, विठ्ठल!