वायपरला तेल

आरं, डॉक्टरसायबांची मोटार चालवायच्या आदी मी बैलगाडीच हाकायचो की. मोटारीच्या काचंवरचा वायपर लई कुरकुरायचा. चाक कुरकुरलं की वंगण घालायचं, येवढंच मला ठावं. वायपरच्या रबराला करडीचं तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी कुंभारी गावात एक बाई बाळंतपणात अडलेली, सायबांना घेऊन निघालो, त्यात पाऊस. वायपर फिरवला आन् समदी काच ताकावाणी पांढरी! म्हटलं, गेली नोकरी.

सायेब खाली उतरले, वाटंवरच्या घरातनं चुलीतली राख मागून आणली. दोगांनी मिळून काच घासली आन् पोचलो.

थोड्या येळानं आतनं पोराचं रडणं ऐकू आलं. सायेब दारात येऊन हसले, "बाळ कुरकुरतंय रे. ह्याला लाव तेल, चालतं."