दोन तासांची सुटका

विनिपेगच्या थेरपी केंद्रात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा ऑटिस्टिक मुलगा वेस्ली आत होता, आणि ती थोरलीला सांगत होती:

“इथले लोक मला म्हणतात, ताण कमी करा. ताणावरचं शिबिर गुरुवारी संध्याकाळी आहे, आणि मुलांना आणू नका म्हणे!”

“मग वेस्लीला ठेवायचं कुठे?”

“तेच विचारलं, तर हातात माहितीपत्रक कोंबलं.”

“पण शनिवारी मी सांभाळलं ना त्याला? गेलीस ना एकटी जेवायला?”

“गेले की.”

“मग? निवांत जेवलीस?”

“कसली निवांत! ताटलीत वाटाणे बटाट्याला टेकले होते. वेट्रेसवर खेकसले आणि ताटली परत पाठवली.”

“अगं, पण पदार्थ एकमेकांना टेकलेले वेस्लीला चालत नाहीत, तुला नाही!”

“ते मला दुसरी ताटली आल्यावर आठवलं, ट्रूडी.”