हळदीचा मंगळवार

औशाच्या एसटीत पुढच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं सुकन्या कान देऊन ऐकत होती.

“सिंधुबाई, पोरीची हळद मंगळवारी धरली? त्या दिवशी तर तुमच्या गल्लीला पाणी सुटतं! भरायचं सोडून कोण येतंय?”

“म्हणून तर गल्लीची पाणी समिती बसली. आमचा मंगळवार मागच्या गल्लीला दिला, त्यांचा गुरुवार आमी घेतला.”

“अन् पाणी सोडणारा ऐकला?”

“समितीनं ठरवल्यावर ऐकतोय की!”

“मग मागच्या गल्लीतल्या बाया हळदीला मुकल्या म्हणा!”

“मुकतात कशाला? भरलेल्या घागरी घेऊनच येणार हायत. नवरीची आंघोळ ताज्या पाण्यानं!”

सुकन्याला राहवलं नाही. “मावशी, आमच्या गल्लीत समिती न्हाई. कशी काढायची?”

“हळदीला ये पोरी. अख्खी समिती मांडवातच सापडंल!”