खिडकीतल्या बाई

दवाखान्याच्या खिडकीमागे कागद लावता लावता कारकूनबाईंना बाकावरच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकू आलं.

"दिवस गेलेत, पाचवा महिना लागला आणि तपासणी राहिल्याचं मला आज सांगतेस? फेरतपासणीला गेल्या वर्षीच बोलावलं होतं ना?"

"आले होते गं, ताई. पण खिडकीतल्या बाईंनी ‘गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कोणाची?’ म्हणून केवढ्यांदा हाक मारली! सगळे पुरुष वळून बघायला लागले. मी तशीच घरी गेले."

"रिपोर्टात दोष निघाला होता, तरी?"

"मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला."

पुढचा नंबर त्या धाकटीचाच होता. कारकूनबाई उठून बाकापाशी गेल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "चला, डॉक्टर बोलावताहेत."

तिने आवाज ओळखला. "तुम्हीच ना त्या?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना मान वर करवेना.