साहेबांनी न ओळखलेला माणूस

डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यात मी टाइम ऑफिसला क्लार्क होतो, तेव्हाचं सांगतो. आमचे पर्सोनेल मॅनेजर मॅनेजमेंट शिकून आलेले. कामगार कायदा त्यांना तोंडपाठ होता, म्हणजे तो कुठून चुकवायचा ते. दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होण्याचा हक्क मागतो, म्हणून हे सात महिन्यांनी त्याला ब्रेक द्यायचे आणि आठवड्याभराने त्यालाच दुसऱ्या नावाने परत घ्यायचे.

कोपरीचा जनार्दन असा सहा वर्षं ड्रायर चालवत होता, मस्टरवर तीन नावांनी. शेवटी त्याला काढला, तेव्हा तो ठाण्याच्या लेबर कोर्टात गेला. तिथे साहेबांनी शपथेवर सांगितलं, "या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. मी याला ओळखत नाही." मी मागे मस्टर घेऊन उभा, मान खाली.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून निरोप आला की ड्रायर अडकलाय, कोणालाच जमत नाहीये. ड्रायर अडकला की जनार्दनला विचारायचं, ही सहा वर्षांची सवय. साहेब तडक व्हरांड्यात गेले. जनार्दन वकिलाशेजारी बसून डबा खात होता.

"अरे जनार्दन, तो ड्रायर अडकला की कुठला बोल्ट सैल करतोस रे?"

जनार्दनने सावकाश घास गिळला, वकिलाकडे बघितलं.

"सांगतो ना साहेब. फक्त सुट्टी संपली की हेच जजसाहेबांसमोर विचारा."